डोणीतला डोंगर

झुलालनाना खोटं बोलले, आणि तेही पाण्याच्या बाबतीत. दुसऱ्या कशाबद्दल बोलले असते तर कुणी मनावर घेतलं नसतं. सत्तरी ओलांडलेला माणूस गोळी न घेता घेतली म्हणतो, दोन बिड्या ओढून एकच ओढली म्हणतो, एवढी सूट घरोघरी असते. पण झुलालनाना पाण्याबद्दल खोटं बोलले, असं त्यांच्या गावात कुणी जाऊन सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

कारण नाना पाटकरी होते. पांझरेकाठच्या गावांत नदीला बंधारा घालून पाटाने पाणी आणायची जुनी रीत आहे. शिवाराचे मोठे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी कुणी आपल्या हाताने घ्यायचं नाही. ते द्यायचं पाटकऱ्याने. शेतकरी आजारी असो की परगावी लग्नाला गेलेला असो, त्याच्या वाफ्याला पाळीप्रमाणे पाणी मिळणारच. नानांनी उभं आयुष्य हेच केलं. खांद्यावर फावडं टाकून पाटाच्या कडेने चालायचं, आणि फडाच्या पार टोकाचा वाफा भिजल्याशिवाय घरी जेवायला यायचं नाही. "जेवढं पानी शे, तेवढं बठ्ठास्नं शे," आहे तेवढं पाणी सगळ्यांचं, असं ते म्हणत. कुणी चोरून पाणी वळवलं तर नाना त्याच्या वाफ्यात अनवाणी उभे राहत, पायाच्या बोटांनी चिखल चाचपत आणि सांगत, हे पाणी मी दिलेलं नाही. मग तो गडी कितीही शपथा घेवो, चार लोकांत त्याची मान खाली जायचीच. खरं सांगायचं तर नानांना त्यात थोडी मजाही वाटायची.

पुढे गुडघे गेले, बायकोही गेली. मुलाने, ललितने, त्यांना धुळ्याला देवपुरात आपल्या घरी आणलं. येताना नानांनी एकच वस्तू मागितली, गोठ्यातली दगडी डोण, जिच्यात बैल पाणी प्यायचे. ती टेम्पोतून उतरवताना चार जणांच्या कमरा धरल्या. घराच्या उत्तरेच्या ओट्यावर, पत्र्याखाली, ती ठेवली. आणि महिन्याच्या आत सून पुनमने मिस्त्री बोलावून तिच्या बुडाला भोकं पाडून घेतली. पाणी साठवायच्या वस्तूला भोकं पाडणारी सून! नाना आठवडाभर फुगून बसले होते. चहा घेत होते, पण बोलत नव्हते.

पुनमला डोण हवी होती डोंगरासाठी. लग्नानंतर ती आणि ललित हिमाचलात फिरायला गेले होते. बाकी लोक बर्फाचे फोटो काढत होते आणि ही खडकाच्या भेगेत नाक खुपसून बसली होती. तिथे बोटभर उंचीची झाडं होती, ना धड माती ना पाणी, आणि तरी जिवंत. तिथल्या एका रोपवाटिकेतून तिने तसली रोपं आणली. पाकळ्यांसारखी जाड पानं एकात एक गुंतलेली. त्यांचं इंग्रजी नाव घेताना नानांची कवळी हलायची, म्हणून नानांनी त्यांना 'कोबीनी पिल्लं' असं नाव ठेवलं. अशा उंच डोंगरावरच्या झाडांची इवलीशी बाग एखाद्या कुंडीत किंवा डोणीत करायची, दगडांचे कडे लावायचे, खडीची घसरण करायची, असा तो नाद होता.

पण धुळ्यात? जिथे उन्हाळ्यात चप्पल डांबराला चिकटते तिथे? डोण यायच्या आधी, पहिल्या वर्षी कुंडीतली रोपं पावसाळ्यात सडली. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात. पुनम हरली नाही, तिने पुन्हा मागवली. तिने खडी, भरड वाळू आणि विटांचा चुरा यांचं असं मिश्रण जमवलं की पाणी घातलं की पाहता पाहता बुडातून बाहेर. मग तिला कळलं की ही झाडं धुळ्याच्या थंडीवर खूश असतात आणि उन्हाळ्यात मिटून झोपतात. झोपेत त्यांना पाणी द्यायचं नाही. सावली द्यायची आणि गप्प बसायचं.

डोंगर रचायच्या दिवशी तिने नानांना हाक मारली. "नाना, दगड तुम्ही लावा. मला ते पुस्तकातल्यासारखे दिसतात." नानांचा राग तिथेच विरघळला. त्यांनी लळिंगच्या डोंगराचे थर आठवून काळे दगड तिरपे रोवले, एकावर एक, सगळे एकाच बाजूला कललेले. पुनमने भेगांमध्ये पिल्लं बसवली. हिवाळ्यात डोण अशी भरली की शेजारच्या कमलबाई रोज कुणाला ना कुणाला दाखवायला घेऊन येऊ लागल्या. पुनमने त्यातली काही पिल्लं काढून पाचोऱ्याला आपल्या मोठ्या बहिणीला, रत्नाला दिली. रत्नाने गच्चीवर तसाच डोंगर केला. या दोन डोंगरांपलीकडे त्या झाडांचा तिसरा संसार कुठेच नव्हता. हिमाचलातली ती रोपवाटिकाही आता बंद झाली होती.

मे महिन्यात जळगावला पुनमच्या मामेबहिणीचं लग्न निघालं, आठ-दहा दिवस राहायचं ठरलं. नाना म्हणाले, मी नाही येत, उन्हात माझा गुडघा ऐकत नाही. कमलबाई डबा देणार होत्या. निघताना पुनम नानांना ओट्यावर घेऊन गेली. पिल्लं करडी पडून मुठीसारखी मिटली होती.

"पोरी, ह्या झाडं मरी जातीन. थोडंसं पानी टाकू का?" नानांनी विचारलं.

"नाही नाना. झोपेल शेत त्या." पुनमचं बोलणं शहरी, पण नानांची समजूत काढायची असली की ती अहिराणीत शिरायची. "झोपलेली झाडं तहानलेली दिसतील, पण पाणी नको. तुम्ही तिकडे बघूच नका."

बघूच नका! पाटकऱ्याला सांगायची गोष्ट आहे का ही? पहिला दिवस नानांनी डोणीकडे पाठ करून काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी पंखाही गरम हवा टाकत होता, ओट्यावर चिमण्या चोच उघडून बसल्या होत्या, आणि नानांनी स्वतः पाण्याचे तीन पेले रिचवले. चौथा पेला हातात घेतला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपण ढोसतोय आणि ती तिकडे वाळताहेत. ते उठले. पेल्यातलं पाणी त्यांनी दगडाच्या कडेने, हलक्या हाताने, अगदी टोकाच्या पिल्लापर्यंत पोचवलं. टोकाचं पिल्लू भिजलं तेव्हा त्यांना किती दिवसांनी जेवणाची वासना झाली.

तिसऱ्या दिवशी पिल्लं उघडली! करडा रंग जाऊन हिरवा आला. नाना हरखले. पुनमला वाटतं तेवढं तिला कळत नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात आलं याचा पुढे त्यांना फार त्रास झाला. मग ते रोज पाणी देऊ लागले, पेल्याचा तांब्या झाला. बुडातून वाहून गेलं तर पुन्हा. ओटा सतत ओला राहू लागला.

आणि एका सकाळी मधलं पिल्लू हातात आलं. नुसतं बोट लावलं तर पानं सुटली, खाली काळा चिकट लगदा. शेजारचंही तसंच. नानांनी भीतभीत एकेकाला हात लावून पाहिला आणि मग हात लावायचं सोडून दिलं.

तिथेच त्यांनी ललितला फोन करून सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण नानांनी काय केलं, तर पाणी बंद केलं, ओटा फडक्याने पुसला, आणि अंगणाच्या कोपऱ्यातली कोरडी बारीक खडी आणून डोणीत वरून पसरली. चोरून पाणी घेणारे गडी वाफ्यावर कोरडी माती ओढायचे, अगदी तसंच. ते करताना नानांना ते आठवलंही, आणि तरी त्यांनी खडी नीट सारखी केली.

पुनम लग्नाहून आली ती मेंदीच्या हातांनीच ओट्यावर गेली. नाना आत झोपाळ्यावर पेपर धरून बसले होते. कितीतरी वेळ ती आत आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात तो काळा लगदा होता.

"नाना, इथे पाऊस झाला का हो?"

तिने विचारलं तेही असं, की जणू उत्तर आधीच ताटात वाढून ठेवलंय. "पाणी घातलं का" असं विचारलं असतं तर नाना कदाचित खरं बोलले असते. पण तसं विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. सांगितलेलं नाना मोडतील, हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

"उना व्हता जरासा," नाना म्हणाले. "वावधन व्हतं, जोरना वारा. तिरपा शिंतडा."

पुनमने मान हलवली. रडली नाही. डोणीतले दगड काढून तिने ओट्यावर रचून ठेवले आणि ओल्या मिश्रणाचा मूठभर गोळा आत आणून नानांसमोरच दाबून पाहिला. "बघा नाना, आत अजून ओल आहे. एका शिंतड्याची ओल इतके दिवस धरून ठेवते माझी माती. म्हणजे माझंच मिश्रण चुकलं. आणि मी सगळ्यांना ऐटीत सांगत होते." नानांनी पेपरात डोकं घातलं. पेपर उलटा नव्हता एवढंच.

त्यानंतरचे दिवस नानांना घर खायला उठलं. पुनम त्यांच्यावर चिडली असती तर त्यांनी सहन केलं असतं. ती स्वतःवर चिडत होती. विटांचा चुरा जास्त झाला का, वाळू बारीक आली का, असं कामं करता करता पुटपुटायची. एकदा पोळी लाटता लाटता म्हणाली, "नाना, तुमची डोण तुम्हाला परत. भोकं सिमेंटने बुजवून घेते. पाखरांना पाणी ठेवा तीत. मला हे जमत नाही, उगाच हट्ट केला." पोळी नानांच्या ताटात पडली. ती त्यांनी खाल्ली, पण कशी खाल्ली ते त्यांचं त्यांना माहीत. आपण झाडं मारली हे एक झालं. आपण या पोरीच्या हातातली कला काढून घेतोय, आणि तीही रोज थोडी थोडी, गप्प बसून, हे नानांना आता स्पष्ट दिसत होतं. सांगतो, सांगतो म्हणता दिवस मावळायचा.

मग तो फोन. संध्याकाळी पुनम झोपाळ्याच्या शेजारी उभी राहून रत्नाशी बोलत होती.

"अक्का, तू पण काढ सगळी. हो, सगळीच. तीच माती आहे ना तुझ्याकडे, मीच दिलेली. माझी तर पत्र्याखाली होती आणि एका शिंतड्यात सडली. तुझी उघड्या गच्चीवर. पहिल्याच पावसात जातील. मुळं धुऊन घे, ती माती फेकून दे, नुसत्या खडीत लाव."

नानांचे पाय जमिनीला टेकले, झोपाळा थांबला. आता बोल झुलाल, आता बोल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पुनमने फोन ठेवला.

"काढेल झाडं जगतीन ना?" एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

"झोपेत उपटलेली... कुणास ठाऊक, नाना. या दिवसांत मुळांना हात लावायचा नसतो. पण नाही काढली तर नक्कीच मरतील. निम्मी वाचली तरी पुष्कळ."

रात्र नानांनी कूस बदलत काढली, आणि सकाळी त्यांनी एक धाडस केलं. धाडस कसलं, पळवाटच ती. पारोळ्याला तोतारामकडे जाऊन येतो, जुना सोबती आजारी आहे, असं ललितला सांगून ते स्टँडवर गेले आणि पाचोऱ्याच्या गाडीत बसले. रत्नाला थांबवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. का थांबवायचं ते सांगायचं नाही. 'माझ्या मनाला वाटलं' म्हणायचं. म्हाताऱ्या माणसाच्या मनाला वाटलं म्हटलं की लोक फार खोलात जात नाहीत. रत्नाची झाडं वाचतील, त्यांची पिल्लं पुन्हा पुनमच्या डोणीत येतील, पिल्लं जगली की मिश्रण बरोबर होतं हे तिला आपोआप कळेल, आणि नानांचं नाव कुठेच येणार नाही. खिडकीची गरम झुळूक तोंडावर घेत नाना हा बेत पुन्हा पुन्हा घोळवत होते, आणि दर वेळी तो त्यांना जास्त पटत होता. सुनेच्या बहिणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून वाटेत गाडी थांबली तिथे त्यांनी केळ्यांची फणी घेतली. केळीच्या मुलखात केळी घेऊन जाणारा हा एकच पाहुणा असेल.

रत्नाने दार उघडलं आणि डोक्यावरून पदर घेत म्हणाली, "अगं बाई, नाना! एवढ्या उन्हात? एकटेच?"

"झाडं कोठे शेतस?" नानांनी दारातच विचारलं.

रत्ना हसली. "तुम्हालाही पुनमने कामाला लावलं का? झालं सगळं. पहाटेच उरकलं, ऊन चढायच्या आत." तिने मागच्या पडवीत नेलं. वर्तमानपत्रावर सगळी पिल्लं ओळीने पसरली होती. मुळं धुतलेली, पांढरी, केसासारखी. कडेची काही तेवढ्यातच मऊ पडू लागली होती. रत्नाची कुंडी रिकामी होती आणि माती गल्लीत फेकलेली. तिच्या दोन्ही हातांना खडीने ओरखडे पडले होते, आणि काम वेळेवर केल्याचं समाधान चेहऱ्यावर होतं.

नाना उंबऱ्यावर बसले. केळी मांडीवरून घसरली.

"बेटा, मी पानी टाकं व्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"पाऊस उना नही. मी पानी टाकं. रोज टाकं. पुनमनी माती चांगली व्हती. बठ्ठं मनंच चुकनं, मीच चुकनू."

रत्नाला समजायला वेळ लागला. तिने एकदा नानांकडे पाहिलं, एकदा वर्तमानपत्राकडे. "मग हे मी कशासाठी उपटलं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. "काल संध्याकाळी ती फोनवर बोलत होती तेव्हा तुम्ही कुठे होता, नाना?"

"तठेच व्हतो. शेजारी."

रत्नाने पदराला हात पुसले आणि आतून मोबाइल आणला. नंबर लावून तिने तो नानांच्या पुढे धरला. "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा."

नानांनी फोन कानाला लावला. पलीकडून पुनम म्हणाली, "बोल अक्का, काढली का?"

"मी बोली राहिनू, पुनम." नानांनी डोळे मिटले, आणि मग एका दमात सगळं सांगितलं. पेला, तांब्या, ओटा पुसला, खडी पसरली, सगळं. काही ठेवलं नाही. "तुनं काही चुकेल नही, पोरी. तुना हात चांगला शे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक. पुनमने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"आधी हिरवी झाली असतील ना?" तिने विचारलं.

"व्हई."

"मग कुणालाही वाटलं असतं, नाना. पाणी घातल्याचं मी काही म्हणत नाही. इतक्या उन्हात तुमच्याच्याने बघवलं नसेल. मीच समजायला हवं होतं."

नानांच्या छातीवरचं ओझं सरकलं. एवढं सोपं होतं तर आपण इतके दिवस... त्यांच्या तोंडावर हसूसुद्धा येऊ घातलं होतं.

"पण नाना," पुनम म्हणाली, "ह्यांनी मला मोबाइलवर दाखवलं होतं. महिनाभरात धुळ्यात एक थेंब नाही. कमलबाईपण म्हणाल्या, पाऊस कुठला, काहीतरीच. मी दोघांशी भांडले. ह्यांना वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुमच्या मोबाइलला काय कळतंय? पाणी पडलं की नाही हे नानांइतकं अख्ख्या जिल्ह्यात कुणाला कळत नाही. नाना म्हणतात पडलं, म्हणजे पडलं. हे बिचारे गप्प बसले. आणि मी माझी माती खोटी धरली."

  रत्ना समोर उभी होती, तिने नजर दुसरीकडे वळवली.

"जेवून निघा अक्काकडून. ऊन फार आहे," पुनम म्हणाली.

"पोरी," नाना कसेबसे म्हणाले, "घर येऊ ना मी?"

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. 

"या," पुनम म्हणाली. त्यापुढे नेहमीसारखं 'नाना' म्हणाली नाही, आणि फोन ठेवला.